कापून जोडलेला आर्म

मी आर्म बोलतोय. डोंगरात चालणाऱ्या एका गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा, खालचा. प्रत्येक चाकाला खाली एक आणि वर एक असे दोन आर्म असतात. पूर्ण नाव कंट्रोल आर्म, पण एवढं लांब नाव फक्त दुकानातल्या खोक्यावर छापलेलं असतं. गॅरेजमध्ये सगळे नुसतं आर्म म्हणतात आणि तेही बहुतेक शिवी देतानाच.

मला तुम्ही पाहिलं नसेल. गाडी घेताना माणसं रंग बघतात, सीटवर दोनदा उड्या मारून बघतात, हॉर्न वाजवतात, आरशात स्वतःचा भांग नीट आहे ना ते बघून घेतात. खाली वाकून कोणी बघत नाही. पण म्हणून मी बिचारा नाही, हे आधीच सांगून टाकतो. दया दाखवायची असेल तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. माझी कहाणी रडण्याची नाही.

माझं काम तसं साधं. माझं एक टोक गाडीच्या सांगाड्याला बांधलेलं, दुसरं पुढच्या ऍक्सलला, म्हणजे दोन्ही चाकांमधल्या दांड्याला. चाकाला खड्ड्यात उतरायचं तर उतरू द्यायचं, दगडावर चढायचं तर चढू द्यायचं, पण पुढंमागं मात्र केसभरही सरकू द्यायचं नाही. मोकळीक द्यायची आणि ताबाही सोडायचा नाही. भल्या भल्या आईबापांना जे जमत नाही, ते मी दिवसभर विनातक्रार करत होतो.

माझा जन्म एका प्रेसखाली झाला. जाड पत्र्याचा तुकडा ठेवला, वरून धाडकन प्रेस आला आणि मी पन्हळीसारखा वळलो. तीन बाजू बंद, एक उघडी. दोन्ही टोकांना लोखंडी कड्या, कड्यांत धक्के झेलणारे रबराचे बुश, अंगावर काळा रंग. तासाभरात माझ्यासारखे कितीतरी बाहेर पडले. आपण कोणी खास आहोत असं वाटून घ्यायची सोयच नव्हती.

माझा पहिला मालक गाडीबरोबर फोटो काढून घेण्यासाठीच जन्माला आला होता. गाडी डोंगरातली, पण त्याच्याकडे असताना ती सगळ्यात उंच चढली ती एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवरच्या पार्किंगपर्यंत. चिखल लागला तर तो फडक्याने पुसायचा, आणि फोटोसाठी हवा असला तर बाटलीतल्या पाण्याने स्वतः कालवून लावायचा. तीन वर्षांत त्याला कंटाळा आला आणि गाडी विकली गेली.

घेतली ती एका वायरमनने. सावळा, काटक, बोलायला फटकळ माणूस. डोंगरमाथ्यावरून पलीकडच्या वस्त्यांना जी विजेची तार जाते, ती सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. खांब तपासायचे, तुटलेली तार जोडायची, तार ज्यांवर बांधतात त्या चिनी मातीच्या फुटलेल्या चिमण्या बदलायच्या. राहायला तो आपल्या थोरल्या बहिणीकडे. बहिणीचं गेट-ग्रिलचं वर्कशॉप होतं. खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत वायरमन, त्याची ताई आणि त्याची मुलगी.

मुलगी सव्वीस वर्षांची. आई लवकर गेली, तेव्हापासून आत्याच्या हाताखाली वाढलेली. खेळणी होती ती लोखंडाचीच. वेल्डिंगची रीतसर परीक्षाही दिली होती तिने. ओठांवर शब्द कमी आणि मनगटावर ठिणग्यांचे डाग जास्त. बापाचा तिच्यावर जीव होता, पण भरवसा होता तो गेट आणि ग्रिलपुरताच.

आता दुखणं कुठून सुरू झालं ते सांगतो. डोंगरावरची वाट दर वर्षी खचत होती. दगड उघडे पडले, गाडीचं पोट घासायला लागलं. वायरमनने जुन्या बाजारातून उंच स्प्रिंगा आणल्या आणि दोन रविवार खपून बसवल्या. गाडी तीन इंच वर उठली. तो लांब उभा राहून कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "काय दिसतेय!" म्हणाला.

दिसत होती छानच. पण माझं काय? मी होतो तेवढ्याच लांबीचा. सांगाडा वर गेला, मी तिरका झालो आणि ऍक्सल माझ्यामागून ओढला गेला. चाकं मागं सरकली, वळताना पत्र्याला घासायला लागली. स्टेअरिंग वळवलं की आपणहून सरळ येईना. जरा वेग घेतला की पुढची चाकं दारू प्यायल्यासारखी हलायची. वायरमन दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून धरायचा आणि घरी येऊन खांदे चोळत बसायचा.

पार्टच्या दुकानदाराने गाडीखाली न वाकताच निदान केलं. "लांब आर्म लागतील. बाहेरून मागवावे लागतील. तीन-चार महिने धरून चाला."

"आणि तोपर्यंत तार कोण बघणार? तुम्ही?"

"मग स्प्रिंगा काढा."

स्प्रिंगा काढल्या तर पोट घासणार, ठेवल्या तर चाकं हलणार. रात्रीच्या जेवणाला वायरमन तोंड पाडून बसला होता. मुलीने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, आहेत ते आर्मच मी लांब करून देते."

"कसे?"

"कापून. पंधरा मिलिमीटर वाढवायचे. आणि उघडी बाजू पट्टी लावून बंद करायची. मग ते पहिल्यापेक्षा दणकट होतील."

वायरमन हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. "पोरी, गेट वेगळं, गाडी वेगळी. गेट पडलं तर पायावर पडतं. गाडी पडली तर दरीत पडते."

"म्हणूनच विचारून करतेय," ती म्हणाली. "गेट करताना मी कुणाला विचारत नाही."

आत्याने ताट उचलता उचलता एवढंच म्हटलं, "अरे, तुझ्या खांबाच्या शिडीला पायऱ्या कोणी लावल्या? मी. पंधरा वर्षं चढतोयस. तेव्हा कधी विचारलं नाहीस, ताई, तुला येतं का म्हणून."

वायरमन गप्प बसला. या घरात त्याला होकार म्हणत.

दुसऱ्या दिवशी मला खाली उतरवलं. मला कापणार हे कळल्यावर मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी एकसंध होतो. माझ्या अंगावर ना चीर ना पोचा. गाडी यांनी उंच केली आणि करवत माझ्यावर! पण मला विचारतंय कोण? तिने आधी दोन्ही टोकांचे रबरी बुश दाबून काढले, म्हणजे आचेने जळू नयेत. मग खडूने रेघ मारली. सरळ नाही, तिरकी. "सरळ कापला तर सगळा ताण एकाच रेघेवर येतो," ती आत्याला म्हणाली. मग ग्राइंडर माझ्यात घुसला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

मधे तुकडा घातला, जोडलं, वर पट्टी बसवली. माझा उजव्या बाजूचा भाऊही तसाच कापला, तसाच जोडला. संध्याकाळी आम्ही गाडीखाली परत गेलो आणि वायरमन बाजारामागच्या मोकळ्या मैदानावर गाडी घेऊन गेला.

चाकं हलायची थांबली होती. पण गाडी डावीकडे ओढत होती. हात सोडला की डावीकडे. गाडी परत आणली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर "मी सांगितलं नव्हतं?" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. तोंडाने तो म्हणाला, "गेट असतं तर चाललं असतं."

मुलगी पाने घेऊन गाडीखाली शिरली. आम्हा दोघांना उतरवून तिने शेजारी शेजारी ठेवलं. मी चार मिलिमीटर आखूड निघालो. तिने मापाची टेप हातात घेतली, तिच्या टोकाची पत्र्याची कडी हलवून बघितली. कडी ढिली होती. एकदा दाबून मापलं होतं, एकदा ओढून. तिने टेप मोडीत फेकली आणि खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली.

आत्या शेजारी येऊन उभी राहिली. डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही. म्हणाली, "रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. चष्म्याच्या आत पाणी असलं की रेघ दिसत नाही."

"रडत नाहीये. विचार करतेय."

"मग तोंडावरचे हात काढ. विचार करताना हात मोकळे लागतात."

तिने हात काढले. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नीट उजाडल्यावर तिने काम सुरू केलं. आधी एक जाडजूड लोखंडी चॅनेल घेतला, त्यावर दोन खुंट्या उभ्या केल्या, अगदी मोजून, काटकोनात. आता टेपवर अवलंबून राहायचंच नाही. दोन्ही आर्मच्या कड्या त्याच दोन खुंट्यांत बसल्या पाहिजेत. बसल्या तर बरोबर, नाही तर चूक. त्यात वादाला जागाच नाही.

आणि मग मला दुसऱ्यांदा कापलं. पट्टी सोलून काढली, जुना जोड पुरता कापून टाकला, नवीन तुकडा घातला. या वेळी मी ओरडलो ते रागाने नाही. मला तो आखूडपणा सलत होता. एकदा अंगाला करवत लागलीच आहे, तर आता काम चोख झालं पाहिजे, असं मलाच वाटायला लागलं. ती एका दमात वेल्ड मारत नव्हती. इथे दोन बोटं, मग तिथे दोन बोटं, मग थांबायचं. माझं अंग तापून वाकडं होऊ नये म्हणून ती माझ्यासाठी थांबत होती. प्रेसने माझ्यासाठी एक क्षणही घालवला नव्हता. हिने सबंध दिवस घालवला.

पुन्हा मैदान. "मी चालवते," ती म्हणाली. "तुम्ही बाजूला बसा." वेग घेतला आणि तिने दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. वायरमनने घाईघाईने वरचं हँडल पकडलं. गाडी सुतासारखी सरळ गेली.

"धर, धर, स्टेअरिंग धर आता!" तो ओरडला. आणि मग खिडकीबाहेर बघत, "ठीक आहे," म्हणाला. हा माणूस "ठीक आहे" वर्षातून दोनदा म्हणतो.

पण मैदान म्हणजे काही डोंगर नव्हे. खरी गाठ पुढे पडायची होती.

सहा महिन्यांनी वादळ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरापलीकडच्या दवाखान्यातून नर्सबाईंचा फोन आला. वीज गेलेली. फ्रिजमध्ये लहान मुलांच्या लसी. जवळचा बर्फ फार तर संध्याकाळपर्यंत पुरेल. वीज कंपनीचा ट्रक पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत आला. वायरमनच्या मदतनिसाचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. मुलीने दोराची गुंडाळी खांद्यावर टाकली आणि न विचारता गाडीत जाऊन बसली. चालकाच्या जागेवर.

तिसऱ्या वळणावर वाट अशी नव्हतीच. सगळे दगड, त्यातले काही टेबलाएवढे. वायरमन खाली उतरून पुढे उलटा चालत होता, हाताने खुणा करत. "डावीकडे घे. अजून. हळू… हळू… सोड." ती बापाच्या हातावरून नजर हलवत नव्हती.

आणि डावं चाक ओल्या दगडावरून घसरलं.

गाडीचा पुढचा सगळा भार माझ्या पोटावर आला. खाली दगडाची धार, वर भरलेली गाडी, मधे मी. असा आवाज झाला की वायरमनने डोळे मिटून घेतले. मला एक गोष्ट तेव्हा लख्ख कळली. मी पूर्वीचा असतो, तीन बाजू बंद आणि एक उघडी, तर त्या क्षणी पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा दुमडलो असतो. चाक मागं गेलं असतं आणि गाडी जिथे तोंड करून होती तिथे खाली फक्त हवा होती. पण चौथी बाजू आता बंद होती. दगड माझा रंग घेऊन गेला, थोडं मांस घेऊन गेला. मला नेऊ शकला नाही.

तिने गाडी मागं घेतली, श्वास घेतला, पुन्हा घातली. चाकं उड्या मारत दगडावर चढली आणि तेवढ्यात आमच्या वरच्या बाजूने कुईंकन आवाज आला. गाडी वर आली, सपाट जागेवर थांबली. वायरमन खाली सरपटला.

"जोड सुटला?" तिने विचारलं. तिचा आवाज मी त्याआधी कधी तसा ऐकला नव्हता.

खाली वायरमनचा अंगठा माझ्या जोडावरून फिरत होता. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. मग त्याने टॉर्च दुसरीकडे वळवला.

"वरचा वाकलाय. उजवा," तो म्हणाला.

"वरचे मी कापलेच नव्हते."

"माहीत आहे मला. कंपनीचाच वाकलाय." टॉर्च परत माझ्यावर आणत तो म्हणाला, "तुझ्या जोडाला काही झालेलं नाही."

तिने सामान बांधायचा जाड पट्टा काढला, ऍक्सल सांगाड्याशी आवळून बांधला, म्हणजे तो आणखी फिरू नये. मग पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने आम्ही माथा गाठला. वायरमन खांबावर चढला, ती खालून दोराने सामान पोचवत राहिली. दुपारी चारला नर्सबाईंचा फोन आला. "लागला फ्रिज," त्या म्हणाल्या आणि मग "चहाला या" म्हणाल्या. चहाला जायची ताकद कुणातच नव्हती.

त्या दिवसानंतर वायरमन भेटेल त्याला गाडीखाली वाकायला लावायचा. दूधवाला, शेजारी, पोस्टमन. "हे बघा. माझ्या पोरीनं केलंय." पोस्टमन बिचारा पाठ धरून उठला होता. मला सुद्धा लाज वाटायला लागली.

मग गाडीच्या तपासणीची तारीख आली. आवारात गाड्यांची रांग. तपासणीस साहेब हातात छोटी हातोडी आणि टॉर्च घेऊन फिरत होते. आमच्या गाडीखाली ते बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"पुढचे खालचे आर्म कापून जोडलेत. कोणी?"

"मी," मुलगी म्हणाली.

"कोणत्या वर्कशॉपमध्ये?"

"गेट-ग्रिलच्या."

रांगेतले दोघे-तिघे ड्रायव्हर हसले. एक म्हणाला, "मग गाडीला कडी-कोयंडाही लावून घ्यायचा!" साहेबांनी कागदावर फुली मारली. नापास.

वायरमनचा पारा चढला. "साहेब, या आर्मनं माझ्या पोरीचा जीव—"

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "साहेब चूक बोलत नाहीत."

साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "बाई, वरून सगळेच जोड छान दिसतात. मागच्या वर्षी असाच एक सुटला. चालवणारा अजून काठी घेऊन चालतो. मी तुमच्या तोंडाकडे बघून सही करू का?"

"नका करू. आत बघून करा. कापून दाखवते."

आता ही कापून दाखवते म्हणजे कोणाला? मलाच, दुसरं कोणाला! तिसऱ्यांदा. पण खरं सांगू? त्या हसणाऱ्या ड्रायव्हरांचे दात अजून बाहेर होते, आणि मला वाटलं, काप. आत्ता काप. इथेच काप. यांच्यासमोर.

इथेच ते शक्य नव्हतं. साहेबांनी सांगितलं की तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत जोड कापून तपासतात. त्यांचा अहवाल आणि इंजिनीअरची सही आणली तर ते पुन्हा बघतील. माणूस कडक होता, पण वाट बंद करणारा नव्हता.

घरी मला उतरवताना वायरमन आडवा आला. "उजवा ने ना. हा कशाला?"

"उजव्यानं मार खाल्ला नाही, बाबा. ज्यानं खाल्ला तोच दाखवायला हवा."

"आणि आत काही निघालं तर?"

"तर मला कळायला नको?"

वायरमन बाजूला झाला. त्याने खिशातला स्वतःचा रुमाल काढून माझ्या अंगावरची माती पुसली. स्वच्छ, इस्त्रीचा रुमाल. आत्याने ते बघितलं आणि त्याला दुसरा रुमाल आणून दिला.

प्रयोगशाळेत मला शिकंज्यात आवळलं. करवत तापू नये म्हणून दुधासारखं पांढरं पाणी अंगावर सोडलं आणि पट्टीची करवत हळूहळू जोडातून आडवी उतरायला लागली. वायरमन बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मुलगी आत होती, हाताची घडी घालून. मी दोन तुकडे होऊन पडलो. मग त्यांनी माझा छेद घासला, आरशासारखा होईपर्यंत घासला, आणि जोड उठून दिसावा म्हणून त्यावर आम्लाचा बोळा फिरवला.

माझ्या आत काय होतं ते मलाही तेव्हाच कळलं. जुनं लोखंड, नवं लोखंड आणि मधे दोघांचं मिळून झालेलं तिसरं. कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं ते सांगता येऊ नये असं. प्रयोगशाळेचे मास्तर भिंगातून बघत होते. ते काही बोलायच्या आधी मुलीनेच बोट ठेवलं.

"इथे एक छिद्र आहे."

होतं. टाचणीच्या टोकाएवढं. वेल्डच्या तिसऱ्या फेरीत हात क्षणभर थांबला असेल, हवा अडकली असेल.

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "बहुतेक लोक मला दिसू नये म्हणून बोलण्यात गुंतवतात," ते म्हणाले. त्यांनी छिद्र मोजलं, वहीत लिहिलं, "मर्यादेच्या बरंच आत" असा शेरा मारला. मग माझ्या जोडातून एक पट्टी कापून यंत्रात घातली आणि वाकवली. वाकवली, वाकवली, पार घोड्याच्या नालासारखी केली. तडा गेला नाही. मी जाऊ दिला नाही, असं म्हणणार होतो. पण नाही, ते श्रेय माझं नाही.

जुन्या बाजारातून आणलेल्या आर्मची नवी जोडी तिने त्याच खुंट्यांवर केली. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला, छिद्राच्या ओळीवर बोट ठेवून थांबले, मग गाडीखाली जाऊन हातोडी वाजवून आले आणि सही केली. "हे छिद्र लिहिलेलं नसतं तर मी आणखी एकदा कापायला लावलं असतं," ते म्हणाले. बाहेर आल्यावर वायरमनने गाडीची चावी मुलीच्या हातात दिली आणि स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसला. मैदानाच्या दिवशी तिनेच सांगून बसवलं होतं. आज कोणी सांगितलं नव्हतं.

आता वर्कशॉपच्या दारात गेटं कमी आणि गाड्या जास्त उभ्या असतात. रांगेतला तो कडी-कोयंड्यावाला ड्रायव्हरही आला होता. आत्याने त्याला दोन तास बाकावर बसवून ठेवलं, तिच्या हाताशी काही काम नसताना.

माझा एक अर्धा तंत्रशाळेत राहिला. दुसरा अर्धा, म्हणजे मी, इथे घरी आलो. वायरमनला मला चांदीसारखा रंग देऊन काचेच्या कपाटात ठेवायचं होतं. त्याने रंगाचा डबाही आणला होता. मुलीने तो डबा एका खिडकीच्या ग्रिलला वापरून टाकला. बरं झालं.

कारण मला कपाटात बसायचं नाही. माझ्यावर हार घालू नका, माझ्याविषयी हळहळू नका, "अरेरे, एवढा चांगला आर्म कापला" म्हणू नका. मी कंपनीतून निघालो तेव्हा पूर्ण होतो आणि एका दगडाच्या लायकीचा नव्हतो. आज अर्धा आहे आणि माझा छेद कुणीही बघावा. अंगठा फिरवा. भिंग आणा. छिद्र शोधा, आहे तिथेच आहे, झाकलेलं नाही. आणि ज्याला हसायचं असेल त्याने आधी स्वतःचं काहीतरी असं मधोमध कापून टेबलावर ठेवावं.

वर्कशॉपचं पुढचं दार जड आहे. गल्लीतून वारा आला की धाडकन लागायचं. आता मुलगी सकाळी दार उघडते आणि पायाने मला त्याच्या खालच्या फटीत सरकवते. दिवसभर लोक मला ओलांडून आत येतात. काही ठेचकाळतात, शिव्या देतात. देऊ द्या. वारा कितीही जोर करू दे, हे दार मी लागू देणार नाही.